बाळ्याचा आकडा

ताईला ऑफिसात सगळे पाठीमागे 'पणबाई' म्हणायचे. हे तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. मीटिंगमध्ये कुणी छान रंगीत आलेख दाखवावा, सगळ्यांनी माना डोलवाव्यात, चहाची वेळ व्हावी, की शेवटच्या खुर्चीवरून हमखास आवाज यायचा, "पण हे नमुने आले कुठून?" झालं. चहा गार व्हायचा, आणि आलेख दाखवणारा मनातल्या मनात बोटं मोडायचा.

ती संख्याशास्त्र शिकलेली. जनुकं तपासणाऱ्या एका संस्थेत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकी कधीच न उघडणाऱ्या एका खोलीत तिचं टेबल होतं. काम सांगायला सोपं, करायला जीव खाणारं. माणसाच्या जनुकांत अक्षरं असतात, अब्जावधी, आणि प्रत्येकाच्या अक्षरांत थोडेफार बदल असतातच. तुमच्यात आहेत, माझ्यातही आहेत. बहुतेक बदल निरुपद्रवी, मोजकेच घातक. कुठला कशातला हे ओळखायला तिच्या विभागात एक मॉडेल होतं. त्याला आधी जुनी उदाहरणं शिकवायची, हा घातक, हा साधा, असं करत करत. आणि मग नवा बदल समोर ठेवायचा. ते शून्य आणि एकच्या मधला एक आकडा देतं. शून्याजवळचा आला तर निवांत झोपा. एकाजवळचा आला तर डॉक्टर गाठा. आणि नेमका मधला आला, की सगळे ताईकडे बघायचे. तिनंच तो मुद्दाम मध्ये नेऊन ठेवला असावा, असं.

तिचा धाकटा भाऊ बाळ्या. चाळिशी उलटली, दोन मुलांचा बाप झाला, तरी बाळ्याच. तो टॉवर क्रेन चालवायचा. उंच इमारत बांधतात तेव्हा शेजारी तो लोखंडी सांगाडा उभा असतो ना, त्याच्या टोकाला काचेची एवढीशी केबिन असते. बाळ्याचं आयुष्य त्या केबिनमध्ये गेलेलं. सकाळी शिडी चढून गेला की जेवायलाही खाली उतरायचा नाही. "वर अक्कल शिकवायला कुणी येत नाही," असं म्हणायचा, आणि म्हणताना नेमका ताईकडे बघायचा.

एकदा ताप अंगावर काढून हा शहाणा कामावर गेला आणि गेटवर हजेरी लावतानाच चक्कर येऊन पडला. वर असताना पडला नाही हे नशीब. कंपनीनं त्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तपासण्या झाल्या, सगळं स्वच्छ निघालं. डॉक्टर कागद बंद करणार, तेवढ्यात त्यांनी सवयीनं विचारलं, "घरात कुणी अचानक गेलंय का?" बाळ्यानं सांगितलं, वडील. पंचेचाळिशीत. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. झालं, डॉक्टरांचा चेहरा बदलला आणि बाळ्याचं रक्त जनुकांच्या तपासणीला गेलं.

ते आलं ताईच्याच संस्थेत. घरच्या माणसाच्या नमुन्याला हात लावायचा नाही असा नियम होता, तो तिनं पाळला; शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं सगळं केलं. हृदयाशी संबंधित एका जनुकात एक बदल सापडला. मॉडेलनं आकडा दिला शून्य पूर्णांक एक्क्याण्णव. अहवालावर छापलं गेलं: बहुधा घातक.

मग सगळं फटाफट ठरत गेलं. छातीत, गळ्याच्या हाडाखाली, वेळप्रसंगी हृदयाला झटका देणारं एक यंत्र बसवायचं. क्रेन कायमची बंद. शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली. तोवर कंपनीनं बाळ्याला गेटजवळच्या खोलीत बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्यांना हेल्मेट द्यायला आणि परत घ्यायला. ज्या माणसानं सगळ्या साइटला वरून बघितलं, तो आता खालून लोकांच्या हनुवट्यांखालचे पट्टे बघत होता. घरी येऊन तो कुणाशी धड बोलेना. मुलांवर खेकसायचा, मग स्वतःच बाहेर निघून जायचा.

ताईला त्या एक्क्याण्णवनं झोप लागू दिली नाही. भाऊ होता म्हणून तर खरंच, पण आणखी एका कारणानं. हा बदल तिला ओळखीचा वाटत होता. तिनं जुनी कामं चाळली, तर दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणा पेशंटमध्ये तोच बदल विभागाकडे येऊन गेलेला. तेव्हाच्या जुन्या मॉडेलनं दिलेला आकडा होता शून्य पूर्णांक बासष्ट. नव्या मॉडेलनं एक्क्याण्णव. मधल्या काळात या बदलाचा एकही नवा पेशंट जगात कुठे नोंदला गेलेला नव्हता, एकही नवा प्रयोग झालेला नव्हता. मग एवढा आत्मविश्वास आला कुठून? कुणी खाऊ घातलं त्याला?

तिनं शोधलं, आणि सापडलं तेव्हा डोक्याला हात लावला.

जगभरच्या प्रयोगशाळा आपापली मतं एका सामायिक साठ्यात जमा करतात. अमुक बदल आमच्या मते घातक, तमुक साधा. चांगली पद्धत आहे, एकमेकांच्या उपयोगी पडते. विभागाचा रिवाज असा, की आकडा साठच्या वर गेला की 'बहुधा घातक' असं मत त्या साठ्यात पाठवून द्यायचं. या बदलाचा बासष्ट होता, म्हणून पाठवलं. ते बघून दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं री ओढली. त्या दोघांना बघून तिसरीनं. मग नवं मॉडेल तयार करायची वेळ आली, तेव्हा त्याला शिकवायला उदाहरणं घेतली ती कुठून? त्याच साठ्यातून. तिथे या बदलाच्या नावापुढे तीन प्रयोगशाळांची एकमुखी साक्ष. मॉडेल बिचारं काय करणार, ते छाती ठोकून एक्क्याण्णव म्हणालं.

म्हणजे सकाळी आपणच एक वावडी सोडायची, संध्याकाळी तीच चौघांच्या तोंडून ऐकायची, आणि म्हणायचं, बघा, सगळं गाव म्हणतंय म्हणजे खरंच असणार! मोठाल्या पदव्या घेतलेल्या माणसांनी, गार हवेच्या खोलीत बसून, हे केलं होतं. लुच्चेगिरी कुणाचीच नव्हती. याचाच ताईला जास्त संताप आला. लुच्चा असता तर त्याची पिसं तरी काढता आली असती.

तिनं मग चिकाटीनं एक काम केलं. ज्या ज्या मताच्या मुळाशी फक्त विभागाचाच जुना अंदाज होता, अशी सगळी उदाहरणं वेगळी काढली आणि मॉडेलला नव्यानं शिकवलं. त्यात तिच्या नाकी नऊ आले. शिकवून झाल्यावर तोच बदल पुन्हा समोर ठेवला. आकडा आला शून्य पूर्णांक अठ्ठेचाळीस. ना इकडचा, ना तिकडचा.

विभागाचे प्रमुख चांगले गृहस्थ होते. आवाज चढवायचे नाहीत, वाढदिवस लक्षात ठेवायचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "एकूण अचूकता किती राहिली?"

"शहाण्णव टक्के होती, सर. अठ्ठ्याऐंशीवर आली."

"म्हणजे तुम्ही मॉडेल बिघडवलंत."

"बिघडवलं नाही, सर. आपण परीक्षेचा पेपरही त्याच साठ्यातून काढत होतो. पोरानं स्वतःच उत्तरपत्रिका लिहायची आणि स्वतःच तपासायची, मग शहाण्णव पडणारच की!"

प्रमुखांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, पण अठ्ठेचाळीसचा अर्थ काय घ्यायचा डॉक्टरांनी?"

"अर्थ हाच, की आपल्याला माहीत नाही."

"माहीत नाही हे सांगायला आपली गरज काय? ते तर लोकांना आपल्याकडे यायच्या आधीपासून माहीत असतं." मग ते अवघडून म्हणाले, "आणि एक विचारू का? रागावू नका. हा नमुना तुमच्या भावाचा नसता, तर एवढं खोदलं असतंत?"

ताईला हे फार लागलं. कारण उत्तर 'नाही' असं होतं. बाळ्यासारखे आणखी कितीजण या फुगलेल्या आकड्यांखाली बसले असतील, आणि त्यांची कुणी बहीण तिसऱ्या मजल्यावर कामाला नसेल, हे तिच्या मनात आलं. तिनं तेच बोलून दाखवलं.  मग प्रमुखांनी असे सगळे अहवाल पुन्हा तपासायला घेतले आणि बाळ्याचा अहवाल बदलून दिला. 'बहुधा घातक'च्या जागी आलं 'अर्थ अनिश्चित'.

ताई जिंकली होती. निदान तिला तसं दोन दिवस वाटलं.

नवा अहवाल घेऊन बाळ्या कंपनीच्या डॉक्टरकडे गेला. त्यानं तो उलटसुलट केला आणि म्हणाला, "अनिश्चित म्हणजे धोका नाही असं लिहिलंय का यात? नाही ना? मग मी कशाच्या जोरावर वर पाठवू? उद्या काही झालं तर माझ्या गळ्याशी येईल." हृदयाच्या डॉक्टरांनीही मान हलवली. शस्त्रक्रिया थोडी पुढे ढकलली, एवढंच. वडील तसे गेले असताना हात झटकता येत नाहीत, म्हणाले.

त्या संध्याकाळी बाळ्या ताईकडे आला. ताई आणि आई एकत्र राहायच्या, बाळ्याचं घर मागच्या गल्लीत. आल्या आल्या त्यानं अहवाल टेबलावर आपटला.

"काय उपयोग झाला तुझ्या या पराक्रमाचा? आधी निदान कळत होतं मला काय झालंय. आता तेही नाही!"

"बाळ्या, आधी जे कळत होतं ते खोटं होतं रे."

"असू दे ना खोटं! तुझ्या त्या मशीननं मला एका मिनिटात खाली उतरवलं. आता तुम्ही सगळे मिळून मला वर चढवू शकत नाही. हेल्मेटं वाटतोय मी, ताई. हेल्मेटं! कालचं पोरगं माझ्या क्रेनवर बसलंय आणि त्याला माल ठेवता येत नाही नीट. मला खालून दिसतं ते." आणि त्याचा आवाज फुटला. तो पटकन वळून निघून गेला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

ताई तशीच बसून राहिली. अंगाचा तिळपापड झाला होता, पण राग काढायचा कुणावर? समोरच्या अहवालात एक ओळ होती, ती तिनं इतक्यांदा वाचली होती की आता दिसतही नव्हती. 'कौटुंबिक इतिहास: वडिलांचा अकाली, अचानक मृत्यू.' डॉक्टरांनी ती वाचली आणि बदल वडिलांकडून आला असं धरलं. सहकाऱ्यानं तसंच धरलं, प्रमुखांनी धरलं, तिनंही धरलं. कुणी तपासलं होतं? वडील तर तपासायला नव्हतेच. माणसाला अर्धी जनुकं आईकडूनही येतात, हे शाळेतलं पोर सांगेल. आणि आई सत्तरी ओलांडून, जिने चढत-उतरत, शेजारच्या खोलीत भांडी लावत होती. तिच्या हृदयाची कधी साधी तक्रार नव्हती. बदल तिच्याकडून आलेला निघाला, तर बाबांच्या जाण्याचा त्याच्याशी काही संबंधच उरत नाही, आणि तो घातक असता तर ही बाई अशी ठणठणीत राहिली नसती. मग कुठल्याही डॉक्टरला बाळ्याला खाली बसवायला आधार राहणार नाही.

ताईला स्वतःच्याच कानाखाली दोन वाजवाव्याशा वाटल्या. जगभरचा साठा उपसून झाला, आणि घरातल्या बाईचं थोडं रक्त घ्यायचं सुचलं नाही. ती उठून आत गेली.

"आई, उद्या माझ्याबरोबर चल. तुझं रक्त द्यायचंय."

"माझं कशाला?" आईनं मागे वळून पाहिलं नाही.

ताईनं समजावून सांगितलं. आई ऐकत होती आणि एकच पातेलं पुसत होती. "गुडघा दुखतोय," म्हणाली. "बघू पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात आईला सर्दी झाली. मग कुणी तरी ओळखीचं भेटायला येणार होतं. मग पुन्हा गुडघा. ताई विचारायची आणि आई ताकास तूर लागू द्यायची नाही. शस्त्रक्रियेची नवी तारीख जवळ येत चालली, बाळ्याचा फोन येईना, आणि एके दुपारी ताईचा तोल गेलाच.

"अगं, सुई टोचायचीय फक्त! पोटचा पोरगा खाली बसून कुढतोय आणि तुला गुडघा सुचतोय?"

आई खुर्चीत बसली. 

"समजा निघालं माझ्यात," ती म्हणाली. "मग?"

"मग बाळ्या सुटला."

"आणि तुझे बाबा? ते कशानं गेले मग?"

 इतके दिवस ताईनं या प्रश्नाकडे बघितलंच नव्हतं.

"तुम्ही दोघं लहान होता," आई म्हणाली. "त्यांचं दहावं-तेरावं चाललेलं, घर माणसांनी भरलेलं, आणि तुझी आत्या सगळ्यांसमोर मला म्हणाली, 'शेजारी झोपली होतीस ना वहिनी? एवढा माणूस गेला आणि तुला जागही आली नाही?' एकदाच म्हणाली. पण मग प्रत्येक जण माझ्याकडे त्याच नजरेनं बघायला लागला. मीही बघायला लागले. मला झोप गाढ लागायची गं तेव्हा. दिवसभर काम करून पडले की मेल्यासारखी. त्यानंतर मी कधी तशी झोपले नाही." तिनं पदर डोळ्याला लावला नाही, आवाजही बदलला नाही. "आणि आता तुझा तो कागद आला. वन्संनी स्वतःहून फोन केला मला. म्हणाल्या, 'दादाच्या रक्तातच होतं गं वहिनी, कुणाच्या हातात नव्हतं.' इतक्या वर्षांनी. ताई, त्या दिवसापासून मला झोप लागतेय."

ताईला आठवलं, गेले काही आठवडे सकाळी तीच उठून चहा करत होती आणि आई उशिरा उठत होती. तिला वाटलं होतं, वय झालं.

 'तुझी चूक नव्हती' हे ती पूर्वीही शंभरदा म्हणाली असती, जर आईनं हे पूर्वी कधी सांगितलं असतं. आता म्हणाली, तर आईनं फक्त मान हलवली, लहान मुलाची समजूत काढल्यासारखी. ताईनं रक्ताचा विषय पुन्हा काढला नाही. तिला तो काढवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर निघाली, तर आई चप्पल घालून, पर्स काखेत घेऊन दाराशी उभी.

"चल," आई म्हणाली. "उशीर होईल तुला."

नमुना पुन्हा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानंच तपासला. यात मॉडेलचं काही काम नव्हतं. बदल आहे की नाही, एवढंच बघायचं होतं. होता. अक्षरन् अक्षर तोच. हृदयाच्या डॉक्टरांनी आईच्याही तपासण्या करून घेतल्या आणि सगळ्या बघून म्हणाले, "आजी, तुमचं हृदय माझ्यापेक्षा बरं आहे." बदल साधा निघाला, बाळ्याचं हृदयही स्वच्छ आहे, मग नुसत्या वडिलांवरून यंत्र बसवत नाहीत, असं म्हणून त्यांनी तो विषय रद्द केला आणि वर चढायला हरकत नाही असं कंपनीला लिहून दिलं. वर्षातून एकदा बाळ्यानं तपासून घ्यावं, आणि ताप असताना मूर्खासारखं कामावर जाऊ नये, एवढं बजावलं. वडिलांचं काय, असं ताईनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

बाळ्या परत वर चढला. पहिल्या दिवशी केबिनमधून त्यानं ताईला फोन केला आणि काहीच न बोलता नुसता वाऱ्याचा आवाज ऐकवत राहिला. ताई ऑफिसच्या जिन्यात उभी राहून हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

आईनं घरी कुणाला काही विचारलं नाही. फक्त रात्रीच्या जेवणानंतर, ताटं उचलताना, म्हणाली, "वन्संना हे सगळं सांगायलाच हवं का?"

"त्यांना कळेलच ना, आई. बाळ्या वर गेलाय."

"औषध लागू पडलं म्हण."

 ज्या माणसानं विभागातल्या प्रत्येकाला आपापली खोटी खात्री परत घ्यायला लावली होती, त्या माणसाला आई हे सांगत होती. आणि आई पहाटे चार वाजल्यापासून जागी होती, हे ताईला माहीत होतं. पुन्हा, तो कागद यायच्या आधीसारखी.

आत्याचा फोन रविवारी आला. इकडचं तिकडचं झालं. मग तिनं विचारलंच, "अगं, बाळ्या परत चढला म्हणे त्या क्रेनवर?"

"हो आत्या. औषध लागू पडलं."

"बरं झालं बाई. काळजीच होती मला. पण रक्तातच होतं ना गं ते? दादाच्या?"

आई समोरच्या खुर्चीत बसलेली. ती ताईकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती. ताईला राग आला होता, भयंकर राग, आणि त्या रागाला जायला कुठेच जागा नव्हती.

"हो," ती म्हणाली. "बाबांच्या रक्तातच होतं. कुणाच्या हातात नव्हतं." आणि फोन आईकडे दिला.